वेणास्वामींचा मठ आणि चरित्रकारांचा उंबरठा

निपाणीपासून बेळगावपर्यंतचा आपला हा पट्टा मठांचा आहे. संकेश्वरास शंकराचार्यांची गादी, निडसोशीस दुरदुंडीश्वराचा मठ, थोडे उत्तरेला नांदणीस जैन भट्टारकांचे पीठ. आणि घाट उतरून गोव्यात गेले की कवळे व पर्तगाळी ही सारस्वतांची दोन थोर पीठे. जत्रेला किंवा पुण्यतिथीला अशा स्थळी गेलेला माणूस प्रसादाबरोबर बहुधा एखादी चरित्रपुस्तिकाही घेऊन परततो. प्रस्तुत लेखकाने अशा पुस्तिका पुष्कळ वाचल्या आहेत, आणि त्या वाचण्यात भाविकतेची चेष्टा करण्याचा हेतू कधीच नव्हता. परंतु पुस्तिका मराठी असो, कानडी असो वा कोंकणी असो, तिची घडण एकच असते. जन्म, बाळपणीच्या लीला, मग एका क्षणी विजेसारखे कोसळलेले वैराग्य. येथवर अर्धे पुस्तक होते. त्यापुढे, महाराजांनी अमुक वर्षे पीठाची धुरा समर्थपणे वाहिली, असे एक वाक्य येते. त्यामागून चमत्कार आणि शेवटी समाधी. ज्या वर्षांमुळे हा पुरुष मठाधिपती म्हणून स्मरणात राहिला, ती वर्षे त्या एका वाक्यात बुडालेली असतात. चरित्रकार वैराग्याच्या उंबरठ्यावर दीर्घकाळ रेंगाळतो, आणि आत पाऊल टाकण्याची वेळ आली की निरोप घेतो.

हा दोष केवळ आपल्याकडच्या अल्पशिक्षित चरित्रकारांचा नाही, हे दाखवावे आणि त्यामुळे एका मोठ्या स्त्रीवर आजवर कोणता अन्याय होत आला आहे ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ती स्त्री म्हणजे मिरजेच्या रामदासी मठाच्या अधिपती वेणाबाई. बेळगावकरांना मिरज काही दूर नाही. आगगाडीत बसले की तीन-चार तासांचा प्रवास. तेथे ब्राह्मणपुरीत वेणास्वामींचा मठ आहे. संप्रदायाने या बाईंना 'स्वामी' म्हटले, या एका गोष्टीतच त्यांच्या चरित्राचे मर्म दडलेले आहे. पण तेथे येण्यापूर्वी थोडी दूरची वाट चालावी लागेल.

वेणाबाई मिरजेस मठ चालवीत होत्या त्याच काळात फ्रान्समध्ये एक मठाधिपती होऊन गेला. त्याचे नाव आर्मां-जां द रांसे. गोव्याच्या वाचकांना ख्रिस्ती धर्मगुरू परके नाहीत. 'ख्रिस्तपुराण' रचणाऱ्या फादर स्टीफन्सला मराठी वाङ्मयात मानाचे स्थान आहे. परंतु स्टीफन्स हा जेजुइट, म्हणजे लोकांत हिंडून धर्मप्रसार करणाऱ्यांपैकी होता. रांसे ज्या सिस्टर्शियन पंथाचा होता, तो पंथ १०९८ मध्ये सितो येथे स्थापन झालेल्या मठातून निघालेला. एकाच मठाच्या भिंतींआड आमरण राहावे, ठरलेल्या प्रहरी स्तोत्रे म्हणावीत, आपल्या हातांनी शेत कसावे आणि शक्य तितके मौन पाळावे, असे त्याचे मूळ स्वरूप. अशा मठाच्या प्रमुखाला ख्रिस्ती परंपरेत पित्याचा अधिकार असतो. आपल्याकडच्या मठाधिपतीशी त्याचे साम्य आहे ते याच बाबतीत.

रांसेचा जन्म १६२६ चा. कार्डिनल रिशल्यू हा त्याचा धर्मपिता. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षीच ला त्राप नावाच्या मठाचे उत्पन्न त्याच्या नावे लागले होते. म्हणजे मठाचे तोंडही न पाहता तो नामधारी मठाधिपती बनला. ही त्या काळची राजमान्य रूढीच होती. बाराव्या-तेराव्या वर्षी त्याने अॅनाक्रिऑन या ग्रीक कवीची सटीप आवृत्ती छापली. पुढे पॅरिसच्या उच्चभ्रू समाजात तो वावरू लागला, आणि मोंबाझों सरदारघराण्यातील एका रूपवती स्त्रीशी त्याचा निकट स्नेह जडला. १६५७ मध्ये ती स्त्री वारली. १६६३ मध्ये रांसेने पेरसेन्य येथील मठात नवशिक्या म्हणून प्रवेश केला, १६६४ मध्ये व्रते घेतली, आणि ज्या ला त्रापचे उत्पन्न त्याने इतकी वर्षे खाल्ले होते त्याच पडक्या मठात तो खरा अधिपती म्हणून राहावयास गेला. १६९५ मध्ये त्याने पद सोडले आणि १७०० मध्ये तेथेच देह ठेवला.

या माणसाचे चरित्र १८४४ मध्ये शातोब्रियांने लिहिले. फ्रेंच गद्याचा हा थोर शिल्पी तेव्हा पंचाहत्तरीत होता. त्याच्या वृद्ध धर्मोपदेशकाने प्रायश्चित्त म्हणून हे काम त्याला सांगितले होते. म्हणजे येथे चरित्रकार अल्पशिक्षित नव्हता, घाईतही नव्हता आणि नायकाविषयी त्याच्या मनात आदर होता. तरीही झाले काय? रांसेविषयी एक आख्यायिका होती. रांसे प्रवासाहून परतला, प्रियेच्या मृत्यूची वार्ता त्याला नव्हती. तो थेट तिच्या दालनात शिरला, तर शवपेटी आखूड पडल्यामुळे तिचे मस्तक धडावेगळे करून ठेवलेले दिसले. आणि त्या दर्शनाने त्याला वैराग्य झाले. ही कथा १६८५ मध्ये लारोक नावाच्या एका प्रॉटेस्टंट लेखकाच्या पत्रकाने पसरवली, आणि ती रांसेच्या गौरवासाठी लिहिलेली नव्हती. रांसेला जवळून ओळखणाऱ्या सें-सिमोंने आपल्या आठवणींत तिचा स्पष्ट इन्कार केला आहे: रांसे त्या स्त्रीच्या अखेरच्या आजारात तिच्याजवळच होता. शातोब्रियांला हा वाद ठाऊक होता. तरी त्या मस्तकापासून त्याची लेखणी दूर होत नाही. रांसेने त्या स्त्रीविषयी पुढे मौन राखले, आणि या मौनातूनच शातोब्रियां आपले पुस्तक विणतो. त्या पुस्तकाचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यात खरा नायक म्हातारा शातोब्रियां आहे. ला त्रापचा मठाधिपती त्यात अंधुकच राहतो.

वस्तुतः आख्यायिका खोटी आहे, एवढीच तक्रार असती तर ती इतिहासकारावर सोपवून मोकळे होता आले असते. आख्यायिकेचा खरा अपराध निराळा आहे. १६५७ आणि १६६३ यांच्या मध्ये सहा वर्षे आहेत. या सहा वर्षांत रांसेने अनेकांचा सल्ला घेतला, मालमत्ता विकली, एकेका मठाचे उत्पन्न सोडले आणि आपल्याला काय जमेल याची दीर्घकाळ शंका बाळगली. मठवासाविषयी प्रथम त्याला तिटकाराच होता. असे हळूहळू, कुरकुरत, हिशेब करीत आलेले वैराग्य कादंबरीला निरुपयोगी. पण माणसाचे वैराग्य बहुधा याच चालीने येते. आणि त्यापुढची तीस वर्षे तर आख्यायिकेच्या खिजगणतीतही नाहीत. मूठभर मठवासी, गळके छप्पर, कोसळलेल्या भिंती. तेथून आरंभ करून मांस, मासे व अंडी वर्ज्य, शेतीचे कष्ट आणि कडक मौन या नियमांवर रांसेने तो मठ पुन्हा उभा केला. १६८३ मध्ये मठजीवनाच्या कर्तव्यांवर त्याने ग्रंथ छापला. मठवाशाने विद्याव्यासंग करावा की हातांनी काम करावे, यावर माबियों या बेनेडिक्टीन पंडिताशी १६९१-९२ मध्ये त्याचा गाजलेला वाद झाला. 'ट्रॅपिस्ट' हे नाव आज ज्यांना लागते, त्यांच्या आयुष्याचा आराखडा या तीस वर्षांत आखला गेला. ऑक्सफर्डचे अभ्यासक क्रेल्सहाइमर यांनी १९७४ मध्ये त्याचे चरित्र लिहिले आणि १९९३ मध्ये त्याची पत्रे चार खंडांत प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे हा कामाचा माणूस वाचकांसमोर आला.

याच रांसेची आणखी एक हकीकत आहे. त्याला आपले चित्र काढून घेणे मान्य नव्हते. तेव्हा १६९६ मध्ये सें-सिमोंने रिगो या विख्यात चित्रकारास भेटीस आलेला कोणी अधिकारी म्हणून त्याच्यासमोर नेऊन बसवले. रिगोने त्यास डोळे भरून पाहिले आणि बाहेर येऊन स्मरणाने चित्र रंगवले. त्या चित्रात रांसे लिहिण्याच्या मेजापाशी बसला आहे. चोरून काढलेले हे चित्र शातोब्रियांच्या पुस्तकापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते, याचे कारण त्यात रांसे काम करताना दिसतो.

आता आपण मिरजेकडे वळू. वेणाबाई बालविधवा. परंपरेप्रमाणे त्यांचे माहेर कोल्हापूरचे आणि सासर मिरजेचे. त्यांच्याविषयी दोन कथा सांगितल्या जातात. पहिली अशी: त्या एकनाथी भागवत वाचीत बसल्या असता समर्थ रामदास भिक्षेस आले, आणि वाचता आहेस त्याचा अर्थ कळतो काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा वेणाबाईंनी आपल्या शंकांची मालिकाच त्यांच्यापुढे मांडली. दुसरी कथा अशी: समर्थांच्या कीर्तनास जाणाऱ्या या तरुण विधवेविषयी लोकापवाद उठला, घरच्यांनी तिला विष दिले, आणि समर्थांच्या कृपेने ती वाचली. या दोहोंपैकी कीर्तनात, नाटकात आणि पुस्तिकांत कोणती कथा फोफावली, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही. विषाचा पेला हे वेणाबाईंच्या चरित्रातील ते धडावेगळे मस्तक होय. खुद्द समर्थांच्या चरित्रातही 'सावधान' हा शब्द ऐकून बोहल्यावरून पळालेला बारा वर्षांचा नारायण हेच चित्र जनमानसावर कोरले गेले आहे. त्यानंतरची टाकळीची बारा वर्षे, तीर्थाटनाची बारा वर्षे आणि १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी सुरू झालेली मठस्थापनेची दीर्घ खटपट ही सारी त्या एका पळण्याची शेपटी होऊन बसते.

दोन कथांमधील भेद सूक्ष्म नाही. पहिल्या कथेत वेणाबाई कर्त्या आहेत: त्या वाचतात, शंका घेतात, उत्तरे मिळवतात. दुसऱ्या कथेत त्यांच्यावर केवळ घडते: लोक बोलतात, घरचे मारतात, गुरू वाचवतात. पुरुष मठाधिपतीच्या बाबतीत उंबरठ्याची आख्यायिका त्याच्या कार्यावर पडदा टाकते. स्त्रीच्या बाबतीत ती याहून वाईट करते. ती अधिकाराची जागा दुःखाला देते. विषाच्या कथेमुळे आपण वेणाबाईंची कीव करू लागतो. आणि जिची कीव करायची तिच्याकडे मठाच्या किल्ल्या असतील, अनुग्रहासाठी लोक तिच्यापुढे हात जोडून उभे असतील, याची कल्पनाही मनात येत नाही.

वास्तविक रामदासी मठाधिपतीने काय करावे, हे जाणण्यास आख्यायिकांची आवश्यकताच नाही. संस्थापकाने ते लिहून ठेवले आहे. दासबोधाच्या अकराव्या दशकात 'महंतलक्षण' नावाचा समास आहे. महंताच्या लक्षणांस तेथे आरंभ होतो तो ध्यानापासून नव्हे, सिद्धीपासून तर नव्हेच. आरंभ होतो शुद्ध आणि नेटक्या लेखनापासून. लिहावे, लिहिलेले तपासावे, तपासलेले न चुकता वाचावे. चौदाव्या दशकात भिक्षेचे निरूपण आहे. भिक्षा हे तेथे पोट भरण्याचे साधन नसून गावोगावची माणसे पारखण्याचे साधन आहे. एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात अक्षराचे वळण, ओळींचे अंतर, समास सोडण्याची रीत, शाई-लेखणीची निगा इथवर तपशील आला आहे. येथे रांसे आणि समर्थ यांची वाट किती वेगळी आहे तेही दिसते. रांसेचा मठ मौनाचा, समर्थांचा कीर्तनाचा. रांसेचा मठवासी भिंतीबाहेर न जाणारा, समर्थांचा महंत हिंडता. रांसेला विद्याव्यासंगात अहंकाराचे मूळ दिसले, तर समर्थांनी पोथी लिहिणे हेच महंताचे पहिले काम ठरवले. दोघांचे एकमत आहे ते एवढ्यावरच की मठ एका क्षणाच्या भावनेवर उभा राहत नाही. तो रोजच्या नियमावर उभा राहतो.

या कसोटीवर वेणाबाईंचे चरित्र वाचू लागले की त्यांचा खरा मोठेपणा ध्यानात येतो. 'सीतास्वयंवर', 'उपदेशरहस्य', 'पंचीकरण', 'कौल' अशी रचना त्यांच्या नावावर आहे. स्त्रीने कीर्तनास उभे राहावे ही गोष्टच जेथे अवघड, तेथे त्यांना उभ्याने कीर्तन करण्याची आज्ञा होती, असे संप्रदाय सांगतो. त्यांच्या काळी मिरज विजापूरकरांच्या अमलाखाली होती; १६६० मध्ये शिवाजी महाराजांनी तिला वेढा घातला तरी ती हाती आली नाही. चाफळच्या मठामागे छत्रपतींच्या सनदा होत्या. मिरजेच्या मठाला मात्र परक्या ठाण्याच्या सावलीत नांदावे लागले. आणि रामदासी परंपरेतील गुरुशिष्यांची एक मालिका समर्थ, वेणाबाई, त्यांच्या शिष्या बाईयाबाई आणि त्यांचे शिष्य गिरिधरस्वामी अशी सांगितली जाते. हे गिरिधर म्हणजे 'समर्थप्रतापा'चे कर्ते. समर्थांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाची साक्ष म्हणून आपण ज्या ग्रंथाला मान देतो, त्याचा कर्ता दोन स्त्रियांच्या हातून संप्रदायात आला. मठाधिपतीचे यश मोजण्याचे माप हेच असते: आपल्यामागे कोण तयार झाले. हनुमंतस्वामींची बखर ही तर समर्थांच्या निर्वाणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. आणि लोकांच्या मनात ठसले आहे ते मात्र बहुतांशी बखरीचे वळण, गिरिधरांचे नव्हे.

'सीतास्वयंवर' या काव्याविषयी चार शब्द स्वतंत्रपणे लिहिणे अवश्य आहे. टीकाकारांनी त्यातील लग्नविधींच्या तपशिलाचे कौतुक केले आहे. मांडव, रुखवत, मानपान, जेवणावळी, वऱ्हाडातील बायकांची धावपळ हे सारे त्यात मराठी घरातल्यासारखे येते. पुष्कळांना त्यात एका बालविधवेच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छांचे प्रतिबिंब दिसते. हा अर्थ हृदयाला हात घालतो, पण तो त्याच विषाच्या पेल्यातून निघालेला आहे, असे आम्हांस वाटते. क्षणभर दुसऱ्या बाजूने पाहावे. ज्या समाजात विधवेची सावलीही मंगलकार्यात वर्ज्य, तेथे ही विधवा साऱ्या विश्वाच्या मंगलकार्याची सूत्रे स्वतःच्या हाती घेते. कोणता विधी केव्हा, कोणाचा मान आधी, पंगत कशी बसवायची हे ती सांगते. आणि श्रोते, त्यांत सुवासिनीही आल्या, ते ऐकतात. त्यात उसासा ऐकू येत नाही. ऐकू येतो तो शेकडो माणसांच्या उत्सवाची व्यवस्था लावण्याची सवय जडलेल्या हाताचा आत्मविश्वास. मठात रामनवमीचा उत्सव पार पाडणाऱ्या बाईलाच सीतेचे लग्न इतक्या नेटकेपणाने लावता येईल. काव्याचा हा अर्थ मठाधिपतीच्या कार्याकडे पाहिल्यावाचून हाती लागत नाही, म्हणून चरित्राच्या पद्धतीचा हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही, रसग्रहणाचाही आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. लोकांना कथा हवी असते; हिशेबाच्या वह्या आणि दिनक्रम वाचून कोणाची भक्ती जागी होणार? शिवाय लोककथेत इतिहास नसला तरी समाजाचे सत्य असते. विषाच्या कथेत विधवेकडे पाहणाऱ्या त्या काळच्या नजरेचे जे दर्शन आहे, ते खोटे कसे म्हणावे? ते खोटे नाहीच. ती कथा समाजाविषयी खरे बोलते. पण ती वेणाबाईंविषयी फार थोडे बोलते. कथा टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. ती पहिल्या प्रकरणात यावी आणि तेथेच संपावी. राहता राहिला भक्तीचा प्रश्न. रोज पहाटे उठून तेच काम तीस वर्षे करणारे माणूस श्रद्धेला पात्र नाही, असे मानणारी भक्ती समर्थांना तरी मान्य झाली नसती.

साधनांची सबबही फारशी टिकत नाही. धुळ्याचे शंकरराव देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापली, मठामठांतून हिंडून रामदासी बाडे व कागद जमवले, पुढे १९३५ मध्ये त्यांसाठी समर्थ वाग्देवता मंदिर उभे केले. महंतांनी शुद्ध आणि नेटके लिहावे, हा नियम कित्येक पिढ्यांनी पाळला म्हणूनच ती बाडे उरली. म्हणजे मठाच्या दैनंदिनीनेच मठाचा इतिहास राखून ठेवला आहे. आपल्या सीमाभागातील मठांतही दप्तरे आहेत. कानडी, मराठी, मोडी, संस्कृत अशा लिपी-भाषांच्या सरमिसळीमुळे ती एका भाषेच्या अभ्यासकाला उलगडत नाहीत. पण दोन-तीन भाषा घरातच बोलल्या जातात अशी माणसे या पट्ट्याबाहेर शोधावी लागतात. आपल्याकडे ती दारोदार आहेत. गोव्याच्या वाचकांनीही आपल्या बाजूने भर घालावी. जुन्या गोव्यात १६०६ मध्ये स्थापन झालेला सांता मोनिकाचा मठ ऑगस्टिनियन साध्वींचा होता आणि त्याचा कारभार साध्वीच पाहत. तो मठ आणि मिरजेचा मठ एकाच शतकात, घाटाच्या दोन बाजूंना नांदत होते. या दोहोंचा विचार एकत्र करणारा अभ्यासक कोंकणी-मराठी वाचकांतूनच निघावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

वेणाबाईंनी १६७८ मध्ये सज्जनगडावर देह ठेवला आणि तेथेच त्यांचे वृंदावन आहे. त्या आधी गेल्या; समर्थ नंतर. गडावर जाणारा भाविक त्या वृंदावनावर फूल वाहतो आणि सोबतच्या मुलांना विषाची गोष्ट सांगतो. पुढच्या खेपेस त्याने दुसरीही गोष्ट सांगावी: एक बाई पोथी वाचीत बसली होती, दारी आलेल्या गोसाव्याने तिला अर्थ विचारला, आणि उत्तरादाखल तिने त्यालाच प्रश्न विचारले. मग पुढे काय झाले, असे मुले विचारतीलच. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जे लिहिले जाईल, ते मठाधिपती वेणास्वामींचे चरित्र ठरेल.